तेवढे ठिपके काढ

जांभळं आली की मी आधी त्यांच्याकडे संशयाने बघते. कात्रपच्या नाक्यावर वांगणीकडच्या बायका टोपल्या घेऊन बसतात. वर पळसाची पानं झाकलेली, पान उचललं की खाली ती काळीभोर, टपोरी, चकचकीत फळं. एवढी चकचकीत कशी, हा माझा पहिला प्रश्न. पाणी मारलंय का? वर ताजी आणि खाली कालचा माल, असं तर नाही? मी हात खुपसून तळातली दोन-चार वर आणते तेव्हा टोपलीवाली हसते. "ताई, दरसालचं तुझं हेच. खालून काय साप निघनार हाय?" निघाला तर, असं मनात म्हणत मी द्रोण भरून घेते.

स्वभावच तसा, त्याला मी काय करू? दुधात पाणी, सिलिंडरमध्ये गॅस कमी, लिफ्टच्या दुरुस्तीत सेक्रेटरीचा हात, हे सगळं मला आपोआप दिसतं. माझा धाकटा भाऊ संजू म्हणतो, "ताई, तू पोलिसात जायला पाहिजे होतंस." मी गेले एका शाळेच्या ऑफिसात. तिथे दाखल्यांवरच्या खाडाखोडी पकडते, आणि मे महिन्याच्या सुट्टीत पेन्सिलीने चित्रं काढते. पेन्सिलच का, तर तिच्यावर माझा जरा विश्वास आहे. ती चूक करते तीही सगळ्यांना दिसेल अशी करते.

यंदाची पहिली जांभळं तोंडात टाकली आणि जीभ रंगायच्या आत मला आईचा डावा डोळा आठवला. काही वर्षांपूर्वी ह्याच दिवसांत त्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. त्या मोसमात तो डोळा माझ्या ताब्यात होता. तो सांभाळून, बघता करून आईला परत द्यायचा, एवढं एकच काम माझ्याकडे होतं.

आईचे डोळे धाग्यांत गेले. उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये जीन्सच्या पँटी शिवणारे छोटे कारखाने आहेत. शिवून झालेल्या पँटींचा ढीग समोर घेऊन बायका जमिनीवर बसतात आणि शिवणीतून सुटलेले धागे कात्रीने कापतात. आमच्या लहानपणी संध्याकाळी आई घरी यायची तेव्हा तिच्या साडीला निळे धागे चिकटलेले असायचे आणि बोटांची टोकंही निळसर झालेली असायची. चष्म्याचा नंबर तेव्हापासूनच मोठा. म्हातारपणी त्या जाड भिंगांमागे मोतीबिंदू आला आणि मुगाच्या डाळीतला खडा दिसेना. एकदा तिने चहात मीठ घातलं आणि आम्ही दोघी तो निमूटपणे प्यायलो. दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांची वेळ घेतली.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी विचारलं, "दिसायला लागल्यावर पहिलं काय बघणार?"

"माझं तोंड," आई म्हणाली. "लई वर्षं झाली नीट बघितलं नाही. कुणास ठाऊक कुणाचं तोंड घेऊन फिरते."

डोळ्यात तेल घालून राखण करणं म्हणतात, तशी मी त्या डोळ्याची राखण केली. फक्त तेलाच्या जागी औषधाचे थेंब. बाटलीवरची तारीख मी भिंग लावून वाचायची. बाटलीला हात लावायच्या आधी साबणाने हात धुवायचे, मग धुतलेल्या हातांचाही संशय यायचा आणि पुन्हा धुवायचे. वाकायचं नाही, डोक्यावरून अंघोळ नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही. समोरच्या फ्लॅटमध्ये मिरच्यांची फोडणी पडली की मी धावत जाऊन खिडकी लावायची. संजू अंबरनाथहून आईला बघायला आला, तर त्याला दारातच थांबवून मी त्याचे हात धुवायला लावले. कंपनीतून येतो, कसली कसली केमिकलं असतात. तो म्हणाला, "ताई, मी ऑफिसात बसतो गं." बसत असेल. पण हवा सगळीकडे तीच ना?

आईला काळा चष्मा दिला होता. वाचायचं नाही, टीव्ही नाही, शिवण नाही. सकाळी बुद्धवंदना झाली की ती गॅलरीत खुर्चीत बसायची आणि समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीकडे तोंड करून राहायची. तिला एकटं सोडायची माझी छाती होत नव्हती, म्हणून मीही बसायची. बसून करणार काय? ड्रॉइंगची वही घेतली आणि तिलाच काढायला सुरुवात केली.

पहिलं चित्र तिला दाखवलं नाही, पण ते कसं झालंय ते सांगितलं. काळा चष्मा, ओठ घट्ट मिटलेले, खांद्यावर पदर. "अगदी गुंडांची सरदार दिसतेस," मी म्हटलं. ती एवढी हसली की मला डोळ्यावर ताण येईल म्हणून तिला गप्प करावं लागलं. त्या दुपारी आम्ही दोघी जांभळं खात होतो. माझ्या अंगठ्याचा जांभळा ठसा कागदाच्या कोपऱ्यावर उमटला तो उमटलाच. खोडरबराने घासला तर कागदच सोलला.

चित्रं बरी होऊ लागली तशी मी ती पेन्सिलचित्रांच्या एका ऑनलाइन ग्रुपवर टाकायला लागले. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं, काढलं, फोटो मारला, टाकलं. तसं नसतं. कागद डोळ्यांना पांढरा दिसतो, फोटोत तो शिळ्या भाकरीच्या रंगाचा येतो. एका बाजूला आपल्याच हाताची सावली पडते. खोडरबराचा चुरा झटकला असं वाटतं, पण फोटोत तो अख्ख्या गालावर पसरलेला असतो. मग मोबाइलमध्येच साफसफाई करायची. उजेड वाढवायचा, काळं अजून काळं करायचं, कडा कापायच्या, डागावर बोट टेकवलं की आजूबाजूचा कागद तिथे पसरतो आणि डाग गायब. पण जास्त उजेड वाढवला की हलक्या हाताने काढलेल्या रेघाही उडतात. आईच्या मानेवरच्या बारीक सुरकुत्या अशाच किती वेळा उडाल्या आणि मी किती वेळा परत मागे आले. त्यात एक गंमतही होती. घर झाडताना जे समाधान मिळत नाही ते तिथे मिळायचं.

आणि तिथेही मी जपूनच वागायची. ग्रुपवर चोर असतात. माझं आईच्या हातांचं चित्र कुणा महाशयांनी स्वतःचं म्हणून दुसरीकडे लावलं होतं. खाली त्यांचं अभिनंदन चालू होतं. तेव्हापासून मी गालावरून आडवं माझं नाव टाकते, फोटो लहान करून टाकते, आणि नवीन कुणी फारच गोड बोललं की त्याच्या पानावर जाऊन त्याची जुनी चित्रं तपासते. माझ्याबद्दलही लोकांना शंका. एकाने लिहिलं, "हा फोटो आहे, वर पेन्सिलचा फिल्टर मारलाय." मी त्याला कोपऱ्यातल्या जांभळाच्या ठशासकट मूळ कागदाचा फोटो पाठवला. त्याने तो बघितला, पण पटल्याचं काही लिहिलं नाही.

मग ती कमेंट आली. आईच्या चेहऱ्याचं मोठं चित्र होतं, चष्मा काढून, डोळे मिटलेले. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "अप्रतिम! फक्त हनुवटीवरची घाण साफ करा."

घाण! आईच्या हनुवटीवर तीन हिरवट ठिपके आहेत, गोंदलेले. ती परकर नेसायची त्या वयातली गोष्ट. बाजारच्या दिवशी तिच्या आजीने तिला मांडीत दाबून धरलं, गोंदणारीने सुया टोचल्या, आणि रडू नको म्हणून हातात गुळाचा खडा दिला. सगळी वस्ती तोवर बौद्ध झालेली. शिकलेली माणसं घरोघर सांगत होती, जुनं सोडा, जुनं सोडा. "आजीने बाकी सगळं सोडलं," आई सांगते. "देव सोडले, उपासतापास सोडले. गोंदण तेवढं ऐकलं नाही." ते ठिपके तिला आवडतात की नाही, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही, आणि खरं तर आम्हीही कधी विचारलं नव्हतं.

मी त्या माणसाला लिहिलं, "ती घाण नाही. गोंदण आहे. माझ्या आईचं." त्याने हात जोडलेलं चित्र पाठवलं. मला त्या जोडलेल्या हातांचाही संशय आला.

त्यानंतर दोनच दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर संजूने तेच चित्र टाकलं. बघते तर हनुवटी स्वच्छ! तीनही ठिपके गुल. खाली मावशीचा निरोप, "ताई किती तरुण दिसते!" शंकेची पाल चुकचुकली नाही, ती सरळ अंगावरच पडली. मी फोन लावला.

"संज्या, ठिपके कुठे गेले?"

"कुठले ठिपके? अच्छा ते. अगं ताई, मी नाही काढले. हॉलमध्ये लावायला मोठी प्रिंट घ्यायला कॅम्प चारला गेलेलो, त्या दुकानवाल्याने साफ करून दिलं. मस्त आलंय ना?"

मी तडक त्या दुकानात गेले. फ्रेम, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सगळं एका अरुंद गाळ्यात. काउंटरवरचे सिंधी गृहस्थ भले होते. त्यांनी कॉम्प्युटरवर चित्र मोठं करून दाखवलं. "मॅडम, चिन पे धूल थी. मैंने निकाल दी. उसका पैसा भी नहीं लिया."

"वो धूल नहीं है, साईं. वो मेरी माँ है."

त्यांनी कानाला हात लावला आणि मला थंडाई पाजली. तरी माझं मन काही मानेना. परत येताना रिक्षात मी ठरवून टाकलं होतं की दुकानदार निमित्त आहे, संजूनेच सांगितलं असणार. त्याचा नवा फ्लॅट, नवा हॉल, कंपनीतले लोक जेवायला येणार, भिंतीवर आई कशी दिसावी ह्याचा त्याने विचार केलाच असणार. फोनवर तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. "लोक विचारतात ना गं, हे काय आहे, ते काय आहे. प्रत्येकाला किती सांगत बसायचं?" मी म्हटलं, "आईचं तोंड आहे ते संज्या, हॉलचा पेंट नाही." त्याने फोन ठेवला. आम्ही बहीण-भाऊ नंतर काही दिवस फक्त आईच्या थेंबांबद्दल बोललो.

मधल्या काळात काळा चष्मा सुटला. डॉक्टर म्हणाले, छान आहे. आईने घरी येऊन पहिलं काम काय केलं असेल, तर न्हाणीघरातल्या आरशासमोर जाऊन उभी राहिली. मी दाराआडून बघत होते. तिने पदराने आरसा पुसला. मग जवळ गेली, मग लांब झाली.

"अगं बया," ती म्हणाली, "म्हातारी झाले की मी!"

आणि हसत सुटली. मला रडू आलं. ते आनंदाचं होतं, ह्यात मला त्या दिवशी काहीच शंका नव्हती. नंतरचे काही दिवस घरात नुसती धमाल. पंख्यावरची धूळ, कपाटाखालचं झुरळ, माझ्या कुर्त्याचा उसवलेला काठ, सगळं तिला दिसायला लागलं. "एवढ्या घाणीत राहत होते होय मी?" असं म्हणून तिने मला झाडायला लावलं. माझ्या बाहीचा सुटलेला धागा तिने चिमटीत धरला आणि कट्कन तोडला. चित्रंही एकेक करून बघितली. गुंडांच्या सरदारवालं तिला सगळ्यांत आवडलं.

जांभळं सरत आली होती, टोपल्यांत आता मऊ पडलेलीच जास्त. एका दुपारी मी मोबाइलवर चित्र साफ करत होते आणि आई माझ्या खांद्यावरून बघत होती. ती म्हणाली, "तेवढे ठिपके काढ गं."

माझा आनंद काय सांगू! मी उजेड वाढवला होता त्यात गोंदण फिकं झालं होतं, आणि ते तिला बरोबर कळलं. म्हणजे तिला ते हवे आहेत. संजूला आता कळवायलाच हवं. मी मूळ कागद घेतला, सगळ्यांत काळी पेन्सिल घेतली आणि तिन्ही ठिपके ठसठशीत काढले. "आता?"

आईने कागद जवळ घेतला, लांब धरला. "अजून आहेत."

"आहेतच. काढले ना मी!"

तिने कागद मला परत दिला. आत जाऊन आडवी झाली.

रविवारी संजू आला तेव्हा मी ते त्याच्यासमोर नाचवलं. आई स्वतः म्हणाली, ठिपके काढ. संजूने कपाळावर हात मारला. "ताई, काढ म्हणजे काढून टाक! तू चित्रं काढतेस म्हणून तुला काढ म्हणजे काढ वाटतं. आईने जन्मभर धागे काढले. ती काढ म्हणाली तर काय म्हणणार?"

आता हा मराठी भाषेचा दोष. चित्र काढतात आणि डागही काढतात, शब्द एकच. फोटो काढतात तेव्हा तो मिळतो, दात काढतात तेव्हा तो जातो. आम्ही दोघं आईसमोर उभे राहिलो, कोर्टात उभे राहावे तसे.

"आई, ठिपके ठेवायचे की घालवायचे?" संजूने विचारलं.

"घालव रे बाबा. काढून टाक. डोळ्याला तरास होतो."

संजूने माझ्याकडे बघितलं. ती नजर मी अजून विसरले नाही. मी हरले होते, पण माझा विश्वास बसला नाही. हा आधी येऊन आईच्या कानात काहीतरी सांगून गेलाय, हॉलमध्ये लावायचंय, तुला छान दिसायला नको का, वगैरे. एरवी जिने एवढ्या वर्षांत गोंदणाबद्दल तक्रारीचा शब्द काढला नाही, तिला अचानक त्याचा त्रास व्हायला लागला? डोळ्याला? माझ्या समोरच त्याने स्वतःच्या मोबाइलवर स्वच्छ हनुवटीचं चित्र उघडलं आणि आईच्या हातात दिलं. "हे बघ. सगळे काढले."

आईने मोबाइल तिरपा केला, डोकं हलवलं, पुन्हा बघितलं. "अजून आहेत की."

आता संजूला माझा संशय आला. मी काही बदललं का, म्हणून त्याने मोबाइल माझ्याकडून दूर नेऊन तपासला. हनुवटी स्वच्छ होती. दोघांनी बघितली. आई मात्र शांतपणे म्हणत होती, आहेत, हे काय, हलतायत.

त्या क्षणी मला काय वाटलं? मला काव्य सुचलं! आईला पुसलेलं गोंदणसुद्धा दिसतं, कारण ते तिच्या नजरेतच मुरलंय, असं काहीतरी. संध्याकाळी मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ग्रुपवर टाकली आणि खाली तसं लिहिलंही. केवढी वाहवा झाली. त्या घाणवाल्या माणसानेही लिहिलं, डोळे भरून आले.

त्याच आठवड्यात आई भरदुपारी म्हणाली, "वीज चमकली." मी गॅलरीत जाऊन बघितलं. आभाळ कोरडं ठणठणीत, ऊन डोक्यावर. मला स्वयंपाकघरातल्या ट्यूबलाइटचा संशय आला, तिचा स्टार्टर कधीपासून नाटकं करत होता. वायरमनला बोलावून नवीन बसवून घेतला. दुसऱ्या दिवशी आई पुन्हा म्हणाली, चमकली. मी वायरमनला फोन करून झापलं, जुनाच माल बसवलास म्हणून.

औषधाच्या बाटलीवर, दुकानदारावर, ग्रुपवरच्या परक्या माणसांवर, सख्ख्या भावावर, ट्यूबवर, सगळ्यांवर माझी नजर होती. आई रोज काय बोलतेय त्याकडे मात्र कानाडोळा. कारण तिच्यावर माझा विश्वास होता ना! ज्याच्यावर विश्वास असतो त्याचं बोलणं मी नीट ऐकतच नाही, हे मला फार उशिरा कळलं.

सुट्टी संपत आली होती. सकाळची वेळ, गॅलरीत चांगला उजेड. म्हटलं, शाळा सुरू व्हायच्या आत एक शेवटचं मोठं चित्र काढू या, उघड्या डोळ्यांचं. नवीन कागद आणला होता, जाड, पांढराशुभ्र. तो पॅडवर चिकटवून मी आईसमोर धरला. "कसा आहे कागद? तुझ्यासाठी खास आणलाय."

आईने डोळे बारीक केले. माशी हाकलावी तसा हात हलवला.

"चांगला हाय," ती म्हणाली, "ह्याच्यावरचे पण ठिपके काढ."

कागदावर काहीच नव्हतं. मी उलटा करून बघितला, मागेही काही नव्हतं. बोट फिरवलं. मग मी आईच्या उजव्या डोळ्यावर माझा हात ठेवला आणि विचारलं, कुठे आहेत? तिने हवेत बोट फिरवून दाखवलं, इथे, इथे, आणि इकडच्या बाजूला तर पडदाच आहे, काळा. तिला किती सहज सांगता आलं ते. पेन्सिल कुठे पडली कुणास ठाऊक.

रिक्षा केली. संजूला अंबरनाथला रस्त्यात उभं राहायला सांगितलं, तो चपला घालून तसाच आला होता. तो आईच्या एका बाजूला, मी दुसऱ्या. काय झालं, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते ठिपके हनुवटीवरचे नव्हते." त्याला कळायला वेळ लागला नाही. उल्हासनगर येईपर्यंत तो आईचा हात धरून बसला होता. खड्डा आला की दोघंही तिचं डोकं धरायचो.

डॉक्टरांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले, बराच वेळ बसवून ठेवलं, मग अंधाऱ्या खोलीत नेऊन दिव्याने आत बघितलं. मोठ्या नंबरच्या डोळ्यांत कधीकधी असं होतं, ते म्हणाले, मागचा पडदा फाटलाय, एका कडेने सुटायला लागलाय, ठिपके दिसतात आणि वीज चमकते ती त्यामुळेच. मग आईला विचारलं, "आजी, हे काळे ठिपके कधीपासून दिसतायत?"

आईने अंदाजाने माझ्या दिशेने बोट दाखवलं.

"हिला रोज सांगतेय. म्हटलं काढ, काढ. ही आपली काढतच बसली."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, त्यांना काही कळलं नाही. संजू भिंतीवरच्या अक्षरांच्या पाटीकडे बघत राहिला. मला जमीन फाटून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

त्याच दिवशी कल्याणला पडद्याच्या डॉक्टरांकडे गेलो. पुन्हा ऑपरेशन, पुन्हा थेंब, पालथं झोपवणं. डोळा वाचला. पूर्ण नाही. त्या डोळ्याने आई माणसं ओळखते, मोठी अक्षरं वाचते, पण डावीकडची कड कायमची काळी झाली आहे. आणखी आठवडाभर मी कविता करत बसले असते तर तेवढंही राहिलं नसतं, असं तिथले डॉक्टर म्हणाले. त्यांनी कविता हा शब्द वापरला नाही, तो माझा.

ग्रुपवरची ती पोस्ट मी काढली. काढली म्हणजे घालवली. संजूच्या हॉलमध्ये अजून स्वच्छ हनुवटी आहे आणि माझ्या घरात गोंदणाची. एकदा आम्ही दोघांनी सरळ विचारलं, आई, तुला ह्यातलं कुठलं आवडतं? ती म्हणाली, "कुठलं पण लावा. मी आरशात बघते." त्यानंतर आम्ही त्यावर भांडलो नाही. भांडण्यात आता आमच्या दोघांचाही जीव नाही.

चित्रं अजून काढते, फोटोही साफ करते. पण डागावर बोट टेकवायच्या आधी मूळ कागद आणून बघते, तो खरंच तिथे आहे की कुठे दुसरीकडे आहे.

आणि रोज सकाळी, चहाच्या आधी, एक कोरा कागद आईसमोर धरते. उजव्या डोळ्यावर तिचाच तळहात.

"काय दिसतं?"

"कागद."

"त्याच्यावर?"

"काही नाही."

"नीट बघ."

"अगं, काही नाही म्हटलं ना."

माझा विश्वास बसत नाही. मला बरं वाटावं म्हणून ती खोटं बोलत असेल, ह्याची मला जवळजवळ खात्री असते. मग मी कागद हळूहळू तिच्या डावीकडे सरकवत नेते, स्वतःही त्याच्यामागे सरकत जाते, आणि पुन्हा विचारते. आज सकाळीही विचारलं.

"तिकडे नाही दिसत, तुला म्हायती हाय," आई म्हणाली. "तिथं नको उभी राहू. इकडं ये, मला दिसशील अशी."